पेडल जड की हलके : सायकल चालवताना पायाच्या स्नायूंकडून योग्य काम कसे करून घ्यावे

सायकलवरून उतरल्यावर दोन प्रकारचा थकवा जाणवतो आणि त्यांतला फरक ओळखता आला की पुढचे बरेचसे सोपे होते. एका थकव्यात मांड्या भरून येतात, जिना उतरताना पाय लटपटतात, मात्र श्वास केव्हाच जागेवर आलेला असतो. दुसऱ्यात धाप लागते, छातीत धडधडते, घामाने अंग निथळते, पण पाय मोकळे राहतात आणि दहा मिनिटे सावलीत बसले की पुन्हा निघावेसे वाटते. दोन्ही दिवशी रस्ता तोच असू शकतो आणि घरी पोहोचायला लागलेला वेळही जवळपास तोच. फरक पडतो तो पेडल किती जड होते आणि मिनिटाला त्याचे किती फेरे होत होते, यामुळे. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादकडे रविवारी सकाळी सायकलने जाणाऱ्यांमध्ये मी गेली अनेक वर्षे आहे. नव्याने येणाऱ्या बहुतेकांना सायकल चालवता येते, परंतु या दोन गोष्टींची सांगड घालणे त्यांना कोणी शिकवलेले नसते. ती कशी घालावी, हे येथे सांगायचे आहे.

सुरुवात मोजणीपासून करावी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर नेहमीच्या गतीने चालवताना उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो, ते मोजून त्याची चौपट करावी. 18 वेळा आला तर मिनिटाला 72 फेरे झाले. माझ्या पाहण्यात नवखी मंडळी 50 ते 60 फेऱ्यांवर सायकल हाकतात, तर सरावलेले शर्यतपटू सपाटीवर साधारण 80 ते 100 फेरे ठेवतात. दुसरी मोजणी सायकलची. पुढच्या चक्राचे दाते मोजावेत, मागच्या चक्राचे मोजावेत, आणि टायरवर खडूची खूण करून चाक फरशीवर एक पूर्ण वळण फिरवून त्याचा घेर काढावा. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून घेराने गुणले, की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. बिनगिअरच्या काळ्या सायकलीला पुढे 44 व मागे 18 दाते असतील आणि घेर सव्वादोन मीटर भरला, तर एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्यांवर ही गती ताशी जवळपास 20 किलोमीटर होते. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण पुढचा सगळा विचार त्यांच्यावरच उभा आहे.

एका फेऱ्यात कोणता स्नायू केव्हा लागतो

पेडलचा फेरा घड्याळाच्या तबकडीसारखा समजावा. पेडल सर्वांत वर असताना 12 वाजले आणि सर्वांत खाली असताना 6. सायकल पुढे नेणारे जवळजवळ सगळे बळ 12 ते 6 या उतरत्या अर्ध्या भागात लागते. प्रारंभी नितंबाचा मोठा स्नायू मांडी खाली रेटतो आणि त्याच वेळी मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू गुडघा सरळ करू लागतात. 3 वाजण्याच्या सुमारास पेडलवरचा जोर सर्वाधिक असतो. तेथून खाली मांडीच्या मागचे स्नायू हातभार लावतात. पोटरी घोटा ताठ धरून ठेवते, म्हणजे वरून आलेला जोर घोट्यात न जिरता पेडलपर्यंत पोहोचतो. पोटरी हेच सायकलचे मुख्य इंजिन आहे असे अनेकांना वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिच्यातच गोळे येतात. प्रत्यक्षात तिचे मोठे काम जोर पोहोचवण्याचे आहे. जोर तयार होतो तो मुख्यतः मांडीत आणि नितंबात.

चढत्या अर्ध्या भागात नडगीसमोरचा स्नायू पाऊल किंचित वर धरतो आणि जांघेतले स्नायू मांडी उचलायला लागतात. तरीही साध्या चालवण्यात वर येणारा पाय पेडल ओढत नाही. तो स्वतःचे वजन थोडे हलके करतो आणि उरलेले वजन खाली जाणारा दुसरा पाय उचलतो. ‘पेडल वर ओढत राहा’ हा सल्ला नवख्याला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा वर येणारा पाय पेडलवर ओझे होऊन बसणार नाही एवढे पाहिले तरी पुरे.

हे सगळे हाताने तपासता येते. घरात व्यायामाची सायकल असेल तर तिच्यावर बसून, किंवा रस्त्यावरची सायकल स्टँडवर चढवून आणि कोणाला तरी धरायला लावून, गुडघ्याच्या चार बोटे वर मांडीच्या बाहेरच्या बाजूस तळहात ठेवावा. हलक्या पेडलवर स्नायू क्षणभर टणक होऊन लगेच सैल पडलेला जाणवतो. मग बटण पिळून किंवा गिअर बदलून पेडल जड करावे. आता तो लवकर टणक होतो, अधिक वेळ टणक राहतो आणि सैल पडण्याचा अवधी आक्रसतो. दुसरा हात नितंबाखाली सरकवला तर आणखी एक गोष्ट कळते. हलक्या पेडलवर नितंबाचा स्नायू जेमतेम हलतो, पण पेडल जड होताच तो जागा होतो. ज्यांना चढावर केवळ मांड्यांचाच जाळ जाणवतो, त्यांनी सीटवर थोडे मागे सरकून आणि कंबरेतून पुढे वाकून पाहावे. नितंब कामाला लागला की मांडीवरचा भार वाटला जातो.

जड पेडलने काय होते

ताकद आणि गती यांचा गुणाकार म्हणजे काम करण्याचा दर. तेवढेच काम थोड्या फेऱ्यांत करायचे असेल, तर प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लावावा लागतो. फेरे वाढवले तर प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. दौलताबादचा किल्ला मागे पडल्यावर लागणारा घाट डोळ्यांसमोर आणावा. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो, दर 100 मीटरला 5 मीटरचा चढ आणि गती ताशी 10 किलोमीटर असे धरले, तर केवळ वजन वर चढवण्यासाठी सुमारे 110 वॅट लागतात. मघाच्या बिनगिअरच्या सायकलीवर या गतीला मिनिटाला जेमतेम 30 फेरे होतात आणि 17 सेंटीमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसवलेले असते त्यावर, फेऱ्यातला सरासरी जोर 20 किलोच्या वजनाएवढा पडतो. गिअरच्या सायकलीवर पुढे-मागे सारखेच दाते असलेला गिअर घेतला तर त्याच गतीला 75 ते 80 फेरे होतात आणि जोर 8 किलोवर येतो. ही पूर्ण फेऱ्याची सरासरी झाली. 3 वाजताच्या जागी प्रत्यक्ष जोर याहून बराच अधिक असतो. म्हणजे घाट तोच, वेळ तोच आणि काम तेवढेच, पण एका पद्धतीत गुडघ्यावर दर फेऱ्याला अडीचपट भार पडतो.

या भाराला स्नायू कसा उत्तर देतो, हे समजून घेणे फार मोलाचे आहे. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. संथ तंतू लहान जोराचे, पण दमदार असतात. ते प्राणवायूवर तासन्‌तास चालतात. जलद तंतू मोठ्या जोराचे असतात, मात्र साठवलेली साखर भराभर संपवतात आणि लवकर थकतात. मज्जासंस्था आधी संथ तंतूंना कामाला लावते आणि जोर कमी पडू लागला तरच जलद तंतूंना बोलावते. हा क्रम एल्वुड हेनेमन या शास्त्रज्ञाने 1950 आणि 1960 च्या दशकांत उलगडून दाखवला. येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. पेडल भराभर फिरवले की जलद तंतू वापरले जातात, असे नावावरून वाटते. साध्या चालवण्यात मात्र त्यांना बोलावणे जाते ते ओझ्यामुळे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरावलेल्या सायकलपटूंना सारख्याच प्राणवायू-खर्चावर एकदा मिनिटाला 50 आणि एकदा 100 फेऱ्यांनी चालवायला लावले आणि मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. जलद तंतूंमधली साखर 50 फेऱ्यांच्या वेळी अधिक संपली होती.

याला जोडून दुसरी गोष्ट रक्ताची. जोराने आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो आणि सैल पडला की रक्त आत येते. जड पेडलवर प्रत्येक आवळणे दीर्घ आणि घट्ट असते, त्यामुळे रक्ताला वाट कमी मिळते. घाटात मांड्या पेटल्यासारख्या होतात त्याचे हे एक कारण आहे.

याचा अर्थ जड पेडल वाईट, असा कोणी घेऊ नये. जोर वाढवायचा असेल तर जोर लावावाच लागतो. फक्त तो ठरवून, थोडा वेळ आणि तयारी झाल्यावर लावावा. महिना-दीड महिना हलक्या पेडलवर नियमित चालवून झाल्यावर, आठवड्यातून एकदा, मंद चढावर 50 ते 60 फेऱ्यांनी बसूनच चार मिनिटे चालवावे, चार मिनिटे हलक्या गिअरवर पाय मोकळे करावेत आणि असे तीन वेळा करावे. कंबर स्थिर राहिली पाहिजे. खांदे डोलू लागले किंवा हँडल ओढले जाऊ लागले, तर गिअर एक पायरी हलका करावा.

भराभर फिरवण्याची किंमत

हलक्या पेडलने स्नायू वाचतो, पण फुकट काही मिळत नाही. पायांना स्वतःचे वजन आहे आणि ते वजन मिनिटाला 100 वेळा वर-खाली करण्यातच बराच प्राणवायू खर्ची पडतो. व्यायामाच्या सायकलचे बटण शून्यावर ठेवून 110 फेरे मारले तरी धाप लागते ती यामुळेच. कमी श्रमाच्या चालवण्यात प्राणवायूचा खर्च साधारण 60 फेऱ्यांच्या आसपास सर्वांत कमी असतो आणि काम जसजसे वाढते तसतसा हा सोयीचा आकडा वर सरकतो. म्हणून दूध घालायला किंवा शेतावर निवांत जाणाऱ्याने 60 फेरे ठेवले तर त्यात काहीच चूक नाही. तासभर जोमाने चालवणाऱ्याने मात्र 80 च्या पुढे जायला शिकावे.

शिकावे असे म्हणण्याचे कारण आहे. मेंदूचा आदेश स्नायूपर्यंत पोहोचून त्याचा जोर उतरेपर्यंत सुमारे एक दशांश सेकंद जातो. 60 फेऱ्यांवर तेवढ्या वेळात पेडल 36 अंश फिरते, म्हणजे आपल्या तबकडीवर तासाभराहून थोडे अधिक. 100 फेऱ्यांवर तेच अंतर 60 अंशांचे, म्हणजे पूर्ण दोन तासांचे होते. त्यामुळे भराभर फिरवताना आदेश बराच आधी सुटावा लागतो आणि तितकाच आधी थांबावाही लागतो. थांबायला उशीर झाला की पाय वर येऊ लागला तरी स्नायू खाली दाबतच राहतो, दोन पाय एकमेकांविरुद्ध भांडतात आणि माणूस सीटवर उसळू लागतो. ही उसळी म्हणजे पायांची कमजोरी नव्हे. वेळ अजून जुळलेली नाही एवढाच तिचा अर्थ.

ती जुळवण्याचा उपाय सोपा आहे. सपाट आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर, हलक्या गिअरवर, 30 सेकंद फेरे हळूहळू वाढवत न्यावेत. उसळी सुरू झाली की पाच-सात फेरे कमी करून तेथेच उरलेला वेळ काढावा आणि मग दोन मिनिटे निवांत चालवावे. एका फेरीत हे सहा ते आठ वेळा करावे. तळपाय बुटात सैल आहेत ना आणि हँडलवरची पकड ढिली आहे ना, याकडे लक्ष ठेवावे. सहा-आठ आठवड्यांत उसळीचा आकडा वर सरकलेला दिसतो. स्नायू तेवढ्यात काही बदलून गेलेले नसतात. त्यांचा ताल बसलेला असतो.

आपल्या रस्त्यांवर

पैठण रस्ता किंवा लातूरहून औशाकडे जाणारा रस्ता अशा सपाटीवर एक प्रयोग प्रत्येकाने करावा. ताशी 20 किलोमीटरची गती धरून पाच मिनिटे जड गिअरवर 60 फेऱ्यांनी आणि पाच मिनिटे हलक्या गिअरवर 85 फेऱ्यांनी चालवावे. दोन्ही वेळा शेवटच्या मिनिटाला मांडी अधिक बोलते की श्वास, ते पाहावे. आमच्या शेजारचे काका, वय 58, हा प्रयोग करून थांबले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “पहिल्या पाच मिनिटांत गुडघा आहे हे कळत होतं, दुसऱ्या पाचांत छाती आहे हे कळलं.” यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते. ज्याची छाती लवकर भरते त्याने फेरे पाच-दहाने उतरवावेत. ज्याच्या मांड्या आधी भरतात त्याने तेवढेच वाढवावेत.

घाटात गिअर चढाच्या आधी बदलावा. जोर लावलेल्या अवस्थेत चेन नीट सरकत नाही, आणि फेरे 40 च्या खाली गेल्यावर गिअर उतरवेपर्यंत जलद तंतूंचा बराचसा दम संपलेला असतो. मांजरसुंब्यासारख्या जड वाहनांच्या घाटात तर गिअरशी झटताना सायकल डोलणे धोक्याचेच आहे. चढ वाढला की उभे राहून 15 ते 20 फेरे मारावेत. त्यात शरीराचे वजन पेडलवर येते आणि बसून दमलेल्या स्नायूंची मांडणी बदलते. मात्र हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून हा उपाय थोडका वापरावा. बिनगिअरच्या सायकलीवर फेरे 30 च्या खाली जाऊ लागले की उतरून चालण्यात कमीपणा मानू नये. मागे दोन-चार दाते जास्त असलेले फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, बसवून घेतले तर तीच सायकल चढावर बरीच हलकी होते.

वाऱ्याचे गणित नवख्याला सर्वांत जास्त फसवते. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत हे पटते. वाऱ्याचा विरोध गतीच्या वर्गाने वाढतो. ताशी 18 किलोमीटरने जाताना समोरून 12 चा वारा आला, तर अंगावर 30 चा वारा लागतो आणि विरोध पावणेतीन पट होतो. रस्ता सपाट दिसत असल्यामुळे माणूस गिअर बदलत नाही, गती टिकवायला झटतो आणि तासाभरात मांड्या संपवून बसतो. समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ मानून गिअर दोन पायऱ्या हलका करावा, फेरे 75-80 ला धरावेत आणि गती घटली तर घटू द्यावी. शक्य तेव्हा जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर राहील असा मार्ग निवडावा.

चैत्र-वैशाखात, पारा 40 च्या पुढे जात असताना, आठच्या आत घरी परतावे. उन्हात रक्ताचा मोठा वाटा त्वचेला थंड ठेवण्यात गुंततो आणि स्नायूंच्या वाट्याचे रक्त पुरवण्यासाठी हृदय अधिक धावते. फेरे आणि गिअर तेच ठेवले तरी ठोके वाढत जातात. त्या दिवसांत घरातल्या व्यायामाच्या सायकलवर सराव चालू ठेवता येतो. तिच्या बटणावरचे आकडे एका यंत्रापुरतेच खरे असतात, दुसऱ्या यंत्राशी त्यांची तुलना करू नये. पंखा समोर लावावा. जड चाकाच्या यंत्रात चाकच पाय ओढून नेते, म्हणून बटण अगदी शून्यावर न ठेवता पाय स्वतः पेडल फिरवत आहे असे जाणवेल इतके तरी पिळावे.

गुडघा जपण्यासाठी सीटची उंची तपासणे आवश्यक आहे. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची आपल्याकडची सवय मांडीच्या स्नायूंना वाकलेल्या गुडघ्यावर सगळा जोर लावायला भाग पाडते. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. वाटीसमोर दुखत असेल तर सीट बुटकी किंवा पेडल जड असण्याचा संशय घ्यावा, गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर सीट उंच झाल्याचा. सीट एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त हलवू नये आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या मारून पाहाव्यात. गुडघा सुजला, अडकला किंवा रात्री ठणकू लागला, तर सीट आणि गिअरशी खेळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि छातीत दाब किंवा हातात कळ जाणवली, तर तेथेच थांबून तातडीने दवाखाना गाठावा.